दुसऱ्या अमरावतीचे क्वांटम

‘अमरावती’ आणि ‘क्वांटम’ हे दोन शब्द अलीकडे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत वारंवार एकत्र दिसू लागले आहेत. वऱ्हाडातील वाचकाला क्षणभर हर्ष व्हावा आणि पुढच्याच ओळीत तो ओसरावा, असा हा योग आहे. कारण ती अमरावती आंध्र प्रदेशाची. तेथील ‘क्वांटम व्हॅली’त १५६ क्यूबिटचा प्रक्रियक असलेला संगणक बसविण्याची घोषणा मे २०२५ मध्ये आयबीएम, टीसीएस व आंध्र सरकार यांनी केली. आपल्या अमरावतीहून नागपूरकडे निघाले की लागणाऱ्या नांदगाव पेठेत १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे, औद्योगिक वसाहत आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झालेले ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यान आहे. कोळसा आणि कापूस यांचे हे गाव. तेथील अकरावीच्या मुलाने वा मुलीने क्वांटम विज्ञानाचे नाव काढावे, यात अनेकांना विनोद वाटेल. तो तसा वाटतो, हीच खरी चिंतेची बाब आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी २०३०-३१ पर्यंत ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद आहे. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक आणि दोन हजार किलोमीटर अंतरावर उपग्रहामार्फत सुरक्षित संदेशवहन ही त्याची उद्दिष्टे. अभियानाची चार केंद्रे बंगळुरू, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथे आहेत. आपले राज्य यात मागे नाही. संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विकसित झालेल्या सहा क्यूबिटच्या प्रक्रियकाची चाचणी २०२४ मध्ये पुण्यातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या सहभागाने पूर्ण झाली. पण हे सारे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. पुढील दहा वर्षांत या प्रयोगशाळांना जी माणसे लागतील ती आज नववी ते पदवीच्या वर्गांत बसलेली आहेत, आणि त्यांतील बरीचशी त्या पट्ट्याबाहेर आहेत.

अभ्यासक्रमात हा विषय नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अकरावीच्या रसायनशास्त्रात क्वांटम अंक येतात, बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशविद्युत परिणाम आणि द्रव्याचे द्वैती स्वरूप येते. तंत्रशिक्षण परिषदेने क्वांटम तंत्रज्ञानाचा जोड-अभ्यासक्रम पदवी स्तरासाठी आखून दिला आहे. उणीव आहे ती विषय हाताला लागण्याची. प्रकाशविद्युत परिणाम हा आपल्या विद्यार्थ्याच्या लेखी एक सूत्र आणि तीन गुणांचा प्रश्न असतो. शिकवणी वर्गांशी संधान बांधलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत तर प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरतेच निघते. हा रोग इतका बळावला, की २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा उठू लागला, म्हणून प्रयोग होऊ लागले असे नव्हे.

वस्तुतः या विषयाचा पहिला प्रयोग थक्क करण्याइतका स्वस्त आहे. लाल, पिवळा, हिरवा व निळा असे चार एलईडी दिवे, दोन-तीन बॅटरी सेल, विद्युतदाब कमी-जास्त करणारा रोधक आणि एक मल्टिमीटर. दाब हळूहळू वाढवीत नेला, की लाल दिवा पावणेदोन-दोन व्होल्टच्या आसपास उजळू लागतो. निळ्याला अडीच व्होल्ट वा त्याहून अधिक लागतात. प्रत्येक रंगाची तरंगलांबी ठाऊक असेल, तर या आकड्यांवरून प्लांकचा स्थिरांक काढता येतो. सारा संच हजार रुपयांच्या आत बसतो. उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि नेमके तेथेच संशोधन सुरू होते. दिवा ‘लागला’ हे डोळ्याने ठरवायचे की प्रवाहाच्या आलेखावरून? खोली अंधारी केली तर आकडा बदलतो का? दिवा तापला तर? या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकांत मिळत नाहीत. विद्यार्थ्याला ती स्वतः शोधावी लागतात. चुकीचे उत्तर आले म्हणून वही फाडून शेजाऱ्याचे आकडे उतरविण्याची जी सवय आपण मुलांना लावतो, तिच्या हा प्रयोग अगदी उलट जातो. १९८४ मध्ये बेनेट व ब्रासार्ड यांनी मांडलेली गुप्त किल्ली वाटण्याची पद्धत नाणी आणि चिठ्ठ्या घेऊन वर्गात खेळता येते, आणि खराखुरा क्वांटम संगणक २०१६ पासून इंटरनेटवरून विद्यार्थ्यांना वापरता येऊ लागला आहे. अर्थात, पायाचे गणित कच्चे ठेवून ‘क्यूबिट’ हा शब्द घोकविणे म्हणजे नवा फसवा बाजार मांडणे होय. प्रमाणपत्रांची दुकाने या नावानेही उघडतील, हे गृहीत धरलेले बरे.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वाटा आहेत, पण त्या अरुंद आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये ‘नियस’ हा उपक्रम सुरू केला. त्यात निवडलेले विद्यार्थी दीर्घकाळ खऱ्या संशोधन प्रकल्पावर काम करतात. अकरावीपासून संशोधनाकडे वळविणारी किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली होती. २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’मध्ये विलीन करून तिची परीक्षा बंद करण्यात आली. तिच्या काठिण्याविषयी तक्रारी होत्या, पण लहान गावातील एखाद्या मुलाला ‘असेही काही असते’ हे त्या परीक्षेमुळे कळत असे. आज ते सांगणार कोण?

येथे अध्यापकाचा मुद्दा येतो. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनला जो निबंध पाठविला, त्याचे मूळ ढाका विद्यापीठात वर्गात शिकविताना पडलेल्या अडचणीत होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९२३ मध्ये, अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले होते, म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांप्रमाणे अध्यापकांनाही खुली आहे, हे किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागते? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावरील अध्यापकाने महिन्याचा हिशेब सांभाळीत आठवड्याचे तास भरायचे आणि त्यानेच मुलांना संशोधनाची गोडी लावावी अशी अपेक्षा करायची, ही शासनाची रीत या अभियानाच्या मुळावर येणारी आहे.

मुंबई-पुणे दूर आहे, ही सबब तर आता पुरतीच चालणार नाही. वऱ्हाडाला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहायची आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पास एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. अमेरिकेतील लायगो यंत्रांत २०१९ पासून ‘संपीडित’ प्रकाश वापरला जातो, म्हणजे प्रकाशाच्या अंगभूत क्वांटम गोंगाटाला एका बाजूने दाबून मापन अधिक अचूक केले जाते. जगातील सर्वांत सूक्ष्म क्वांटम मापनांपैकी एक वाशीमच्या सीमेपलीकडे व्हावयाचे आहे. ते यंत्र चालविण्यासाठी प्रकाशशास्त्र, निर्वात तंत्र, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे तरुण लागतील.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने विभागातील महाविद्यालयांसाठी अध्यापकांचे एक उन्हाळी शिबिर घ्यावे, त्यात असे संच अध्यापकांनी स्वहस्ते जुळवावेत आणि जूनमध्ये ते आपापल्या गावी न्यावेत, एवढ्यापासून आरंभ करता येईल. शेजारच्या शाळांना शनिवारी त्या प्रयोगशाळांचे दार उघडे राहावे. खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमी येईल. वस्त्रोद्योग उद्यानासाठी नांदगाव पेठेत हजार एकरांचे नियोजन होते. चार एलईडी दिव्यांसाठी एक टेबल आणि ते टेबल सांभाळणारा एक पूर्णवेळ शिक्षक मिळतो का, हे येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा दिसेल.