हलका कॅमेरा म्हणजे संन्यास नव्हे

साठी ओलांडलेल्या एखाद्या हौशी फोटोग्राफरने मोठा कॅमेरा विकून छोटा घेतला, की आजूबाजूची मंडळी लगेच हळहळायला लागतात. "काका, फुल-फ्रेम विकलात? अरेरे!" जणू काही कोकणातली जमीनच विकली. दुसऱ्या टोकाला आपल्या वयाचे शहाणे असतात. त्यांचं उत्तर तयारच असतं : "कशाला हवाय आता कॅमेरा? मोबाईल आहे की!"

मला विचाराल तर दोघंही चुकतात, आणि चूक एकाच ठिकाणी होते. दोघंही वजन कमी करण्याला निवृत्तीची पहिली पायरी समजतात. माझ्या मते ती हौस टिकवायची सगळ्यात व्यवहारी युक्ती आहे. अट एकच : ती नीट मोजून मापून करायची.

आधी वजनाचा हिशेब बघू, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. माझे मामा बँकेतून निवृत्त झालेले, वय ६७. सुरुवात फिल्मच्या याशिकावर, आणि गेली दहा वर्षं निकॉन डी ७५०. बॅटरी-कार्डासकट हा कॅमेरा ८४० ग्रॅम. त्यावर २४-७० एफ/२.८ लेन्स, ९०० ग्रॅम. पक्ष्यांसाठी २००-५००, ती तिच्या ट्रायपॉड कॉलरसकट २.३ किलो. फुलांसाठी १०५ मॅक्रो, साधारण पाऊण किलो. झाले पावणेपाच किलो. वर ट्रायपॉड, जाड गाद्यांची बॅग आणि पाण्याची बाटली धरा. नऊ किलोच्या घरात जातं. आपल्याकडे देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते. म्हणजे जे विमान कंपनी चालवून घेत नाही, ते मामा सिंहगडावर पाठीवर घेऊन जात होते.

बरं, चढताना दम लागतो, पण खरा त्रास उतरताना होतो. उतरताना प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यावर बसतो, आणि पाठीवरच्या प्रत्येक किलोने तो वाढतो. तिशीच्या आतल्या गुडघ्यांना हे कळत नाही. सदुसष्टच्या गुडघ्यांना पुढचे चार दिवस कळत राहतं.

मग काय होतं? माणूस फोटोग्राफी सोडतो का? छे! "आज राहू दे, पुढच्या रविवारी जाऊ" एवढंच म्हणतो. पुढच्या रविवारी पाऊस असतो. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न असतं. कॅमेरा कपाटात राहतो, आणि आपल्या दमट हवेत, अंधाऱ्या कपाटात, कापडी बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसायला लागतात. हौशी फोटोग्राफरचा शत्रू छोटा सेन्सर नाही, कपाट आहे.

आता थोडी भौतिकशास्त्राची उजळणी. (घाबरू नका, बारावीच्या पुढचं नाही.)

अनेकांचा समज असा की मिररलेस घेतला की सामान हलकं होतं. हे अर्धसत्य आहे. सोनीचा ए७ IV बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम. त्याला सोनीची पहिली २४-७० जीएम लावा, ती ८८६ ग्रॅम. एकूण दीड किलोच्या थोडं वर. मामांचा जुना जोड १७४० ग्रॅम. म्हणजे लाखांत पैसे मोजून वाचवलं काय, तर पेलाभर पाण्याचं वजन! आरसा गेला, पण काच तीच राहिली, आणि बरंचसं वजन काचेत असतं.

काच किती लागणार ते एका साध्या भागाकारावर ठरतं : फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. ५०० मिमी एफ/५.६ लेन्सची 'खिडकी' ८९ मिमीची होते. आता मायक्रो फोर थर्ड्सकडे या. पॅनासॉनिक आणि ऑलिंपसने २००८ साली ही पद्धत आणली. सेन्सर १७.३ बाय १३ मिमी, फुल-फ्रेमच्या साधारण चौथा हिस्सा. त्यावर ३०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ६०० मिमीएवढं जवळचं दाखवते. ऑलिंपसची ७५-३०० लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.७ असते, म्हणजे खिडकी ४५ मिमीची आणि वजन फक्त ४२३ ग्रॅम. तिकडे २.३ किलो, इकडे ४२३ ग्रॅम. यात कुठलीही जादू नाही. खिडकीचा व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाशही पाव.

तेव्हा "काही फरक पडत नाही हो" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फरक पडतो. भिगवणला उजाडायच्या आधी, किंवा जंगलात संध्याकाळी झाडाच्या सावलीत, छोट्या सेन्सरवर दाणे दिसतात आणि शटर स्पीड कमी पडतो. पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळवायची असेल तर मोठी खिडकी लागतेच.

पण या तोट्याचा काही भाग आता आमच्या धंद्याने उचललाय. डीएक्सओचं प्युअररॉ २०२१ साली आलं. २०२३ मध्ये अ‍ॅडोबीने लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डिनॉइज दिलं. रॉ फाइल द्या, बरा ग्राफिक्स कार्डवाला संगणक द्या, चहा पिऊन या. पूर्वी फेकून दिला असता असा फोटो वापरण्याजोगा होऊन मिळतो. जे काम काचेने करायचं ते आता घरी, टेबलावर, पंख्याखाली बसून होतं. मर्यादा आहेत. हललेला पक्षी यातून स्थिर होत नाही, आणि जोर जास्त लावला तर पिसं प्लास्टिकची दिसतात. तरीही वजन पाठीवरून उतरून संगणकावर गेलं, हा सौदा सदुसष्टाव्या वर्षी वाईट नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठला हलका कॅमेरा घेऊ?" आमच्याकडे एखादा प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आपण आधी प्रोफायलर लावतो, वेळ नेमका कुठे जातोय ते बघतो आणि मगच कोडला हात घालतो. इथेही तेच करायला हवं. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात एक्झिफ असतं : लेन्स कुठली, फोकल लेंग्थ किती, एफ नंबर किती, आयएसओ किती. लाइटरूममध्ये मेटाडेटाची चाळणी लावली की आकडे समोर. तुमच्याकडे लाइटरूम नसेल तर एक्झिफटूल फुकट आहे, आणि पायथनच्या दहा-पंधरा ओळी तुम्हाला जड नाहीत.

एक सूचना मात्र आहे. सगळे फोटो मोजू नका. खंड्याच्या एका झेपेत चाळीस फोटो निघतात आणि आकडे भलतीकडे झुकतात. जे फोटो माणसाने स्वतः निवडले, छापले, कुणाला भेट दिले, तेवढेच मोजा.

मामांचे निवडक फोटो आम्ही असे चाळले. बहुतेक फोटो २४ ते ७०च्या पट्ट्यातले निघाले, आणि त्यातले बरेच एफ/८ वर. म्हणजे ज्या एफ/२.८ साठी ९०० ग्रॅम वाहत होते, ते उघडलंच गेलं नव्हतं. मॅक्रो वर्षातून एकदा, कास पठारावर. पक्षी थोडेच, पण जिवाभावाचे, आणि जवळपास सगळे भिगवणचे.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती एक्झिफमध्ये नसते. भिगवणला गाडी जवळजवळ पाण्यापर्यंत जाते, पुढे होडी. चालणं थोडंच. २.३ किलोची लेन्स तिथे मांडीवर असते, पाठीवर नाही. वजन नडतं ते सिंहगडावर, राजगडावर, कासच्या उभ्या-बैठकांत. म्हणून जुना कॅमेरा आणि २००-५०० राहिले, पण कपाटातून हलले आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात गेले. पायी फिरण्यासाठी वेगळा संच आला. ओएम-५ बॅटरी-कार्डासकट ४१४ ग्रॅम, १२-४५ एफ/४ लेन्स २५४, ६० मॅक्रो १८५, आणि ती ७५-३०० ४२३. चारही मिळून पावणेतेराशे ग्रॅम! कॅमेऱ्यातच हात स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे बहुतेक वेळा ट्रायपॉडही घरी राहतो.

अर्थात प्रत्येकाने हाच संच घ्यावा असं मुळीच नाही. निकॉनचाच झेड ५० बॅटरीसकट ४५० ग्रॅम, त्याची १६-५० लेन्स १३५ आणि ५०-२५० लेन्स ४०५. तिन्ही मिळून एक किलोच्या आत. आणि ज्यांना नवा खर्चच नको, त्यांनी जुन्या कॅमेऱ्यावर १८५ ग्रॅमची ५० मिमी एफ/१.८ लावावी, बाकी सगळं घरी ठेवून निघावं. सव्वा किलोच्या आत सुटका.

वजनाच्या नादात तीन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली गोष्ट बोटांची. हलकं आणि चिमुकलं यात फरक आहे. सांधे धरलेल्या बोटांना बारीक बटणं आणि दाण्याएवढ्या चकत्या छळतात. दुकानात जाऊन हातात धरून बघा, पकड भरीव हवी. दुसरी गोष्ट गुडघ्यांची. बाहेर वळणारा स्क्रीन असेल तर कासच्या सीतेच्या आसवांसाठी जमिनीवर लोळावं लागत नाही. शिवाय छोट्या सेन्सरवर एफ/४ ला फुलाचा जेवढा भाग स्पष्ट येतो, तेवढ्यासाठी फुल-फ्रेमवर एफ/८ लागतं. म्हणजे मॅक्रोत छोटा सेन्सर कधीकधी फायद्याचाच. तिसरी गोष्ट पावसाची. १२-४५ आणि ६० मॅक्रो शिंतोडे सोसतात, ७५-३०० सोसत नाही. सह्याद्रीत हे आधी माहीत असलेलं बरं.

आणि मोबाईल? घरातल्या बारशाला, प्रवासातल्या थाळीला मोबाईल झकास. पण भर उन्हात हात लांब करून, चाळिशीच्या चष्म्यातून चमकणाऱ्या काचेकडे डोळे बारीक करून बघणं साठीनंतर जिकिरीचं होतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की त्याचा नंबर आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवता येतो, ऊन आड जातं, आणि कपाळ टेकल्यामुळे कॅमेऱ्याला दोन हातांबरोबर तिसरा आधार मिळतो.

छापून बघायचं म्हणाल, तर ओएम-५ चा फोटो ५१८४ बाय ३८८८ पिक्सेलचा. ए३ कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला ४९६१ बाय ३५०८ लागतात. भिंतीवर लावायला एवढं पुरतं. आणि आपल्यापैकी कितीजण ए३ छापतात, ते मनाशीच विचारा.

ज्यांना अजूनही हा कमीपणा वाटतो त्यांनी थोडा इतिहास आठवावा. जर्मनीत लाइत्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा गृहस्थ होता. त्याला दम्याचा त्रास, आणि त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे वाहणं त्याला झेपेना. त्याने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. तोच १९२५ साली लायका म्हणून बाजारात आला. ज्या ३६ बाय २४ मिमीला आज आपण अभिमानाने 'फुल-फ्रेम' म्हणतो, ते माप त्याच कॅमेऱ्याने रूढ केलं, आणि त्या काळी ते नखाएवढं होतं. मोठ्या प्लेटा डोंगरात वाहून नेण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 'मून अँड हाफ डोम' हा फोटो १९६० साली काढला, तो हॅसलब्लाडवर. तेव्हा त्याचं वय ५८. त्याला कुणी "अरेरे" म्हटलं असेल असं वाटत नाही.

आता आपल्याबद्दल. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असे एक बाबा, काकू किंवा मामा आहेत. त्यांच्या वाढदिवसाला परस्पर ऑनलाइन कॅमेरा मागवू नका. त्यातून "तुम्हाला आता हे झेपत नाही" एवढंच पोचतं. त्याऐवजी त्यांच्याबरोबर एक दुपार बसा, त्यांचे निवडक फोटो चाळा, आकडे त्यांच्यासमोर ठेवा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. काय सोडायचं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. कदाचित ते म्हणतील, मला पहाटेचाच पक्षी हवा, मी वजन उचलेन. उचलू द्या. मग तुम्ही एवढंच करा : एखाद्या रविवारी लवकर उठा आणि त्यांचा ट्रायपॉड तुमच्या खांद्यावर घ्या.