विश्लेषण : खोलीचे भाडे घेतलेच, मग गाडीचे पैसे वेगळे का?

अमेरिकेत फ्लोरिडातील ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’च्या हॉटेलांत मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांकडून रात्री गाडी उभी करण्याचे शुल्क मार्च २०१८ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते रद्द झाले. एका रात्रीला १३ ते २४ डॉलर. हजारो डॉलरच्या सहलीत ही रक्कम फार मोठी नाही. तरीही हे शुल्क पाहुण्यांच्या जिव्हारी लागले. ‘श्रीमंतांच्या सहलीतली कुरकुर’ म्हणून तो राग सोडून देता येईल, पण तसे करू नये. ‘जादा शुल्क’ या प्रकाराचे वर्म त्यात सापडते.

निर्णय नेमका काय होता?

२१ मार्च २०१८ पासून होणाऱ्या नव्या बुकिंगसाठी हॉटेलच्या दर्जानुसार तीन दर ठरले. स्वस्त गटातील हॉटेलांत रात्रीला १३ डॉलर, मध्यम गटात १९ आणि महागड्या गटात २४ डॉलर. आधी बुकिंग केलेल्यांना ते लागू नव्हते. फोर्ट वाइल्डरनेस येथे तंबू किंवा कॅम्परव्हॅन घेऊन राहणाऱ्यांना एका गाडीपुरती सूट होती. डिस्नेच्या ‘व्हेकेशन क्लब’चे सदस्यही आपल्या गुणांवर राहत असतील तर सुटले. हॉटेलात केवळ जेवायला येणाऱ्यालाही पैसे पडत नव्हते. म्हणजे संध्याकाळी दोन तासांसाठी आलेल्याची गाडी फुकट आणि आठवडाभराचे भाडे भरणाऱ्याच्या गाडीला पैसे! पुढे दर वाढत गेले आणि रद्द होण्याच्या वेळी ते १५ ते २५ डॉलरच्या घरात होते.

एक हिशेब मांडू. न्यू जर्सीत राहणारे मराठी कुटुंब, भारतातून आलेले आजी-आजोबा, दोन मुले. सहा विमान तिकिटे परवडत नाहीत म्हणून सुमारे १६०० किलोमीटर गाडी हाकत ऑर्लंडोला जायचे, ही तिकडची नेहमीची रीत. मध्यम दर्जाच्या हॉटेलात सहा रात्री म्हणजे ११४ डॉलर, तेव्हाच्या विनिमय दराने साडेसात हजार रुपयांच्या आसपास. सहा माणसांना दोन खोल्या लागतात, त्यांचे भाडे आणि सहा जणांची प्रवेश तिकिटे यांपुढे ही रक्कम किरकोळच. पण गाडी आणली ती पैसे वाचवायला. नेमक्या त्याच गोष्टीवर आकार बसला.

पाहुण्यांचे म्हणणे काय होते?

एका सुरातले नव्हते. सर्वांत मोठा आवाज अर्थातच संतापलेल्यांचा. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांचे भाडे आसपासच्या हॉटेलांपेक्षा बरेच जास्त असते. लोक ते भरत, कारण त्या भाड्यात तेव्हा बऱ्याच सोयी गृहीत धरलेल्या असत. विमानतळावरून फुकट बस, उद्यानांपर्यंत फुकट बस, उद्यानाच्या वाहनतळावरही फुकट जागा. अमेरिकेतील अनेक हॉटेलांत भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ नावाचा एक भुर्दंड असतो, तोही येथे नव्हता. एकदा पैसे भरले की खिशात हात घालायचा नाही, ही भावना या मुक्कामाचा मोठा भाग होती. तिलाच धक्का बसला.

दुसरा गट हिशेबी होता. बाहेरच्या हॉटेलात राहिले तर पार्किंग फुकट मिळेल, पण मग उद्यानाच्या वाहनतळाचे रोजचे पैसे भरावे लागतील, आणि ते या शुल्काच्या बरोबरीचे किंवा जास्तच. त्यामुळे चरफडत का होईना, तिथेच राहायचे. कंपनीलाही हे गणित येतच असणार.

तिसरा गट मात्र शुल्काच्या बाजूने बोलत होता आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. आम्ही विमानाने येतो, गाडी आणत नाही. तुमच्या गाडीच्या जागेचा खर्च आमच्या भाड्यात का मिसळायचा? शिवाय शेजारच्या युनिव्हर्सल ऑर्लंडोच्या हॉटेलांत असे शुल्क आधीपासूनच आहे. मोठ्या शहरांतील हॉटेले तर याहून कितीतरी जास्त आकारतात. मग डिस्नेलाच वेगळा न्याय का?

मग ते चूक होते का?

तत्त्वतः नव्हते. पार्किंगच्या अर्थशास्त्राचे नामवंत अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या २००५ च्या ग्रंथात हेच सांगितले. फुकट पार्किंग फुकट नसते. त्याचा खर्च घरभाड्यात, किराणा मालात, हॉटेलच्या बिलात विरघळलेला असतो आणि गाडी नसलेल्याच्या खिशातूनही जातो. पुणे-मुंबईत रस्त्याच्या कडेला फुकट गाडी लावणे हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या आपल्या सर्वांना हा ग्रंथ सक्तीने वाचायला द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते असो.

पण शूप यांचा युक्तिवाद जागेच्या टंचाईवर उभा आहे. जागा कमी, मागणी जास्त, म्हणून किंमत लावा. मग काही लोक गाडी घरी ठेवतील आणि ज्याला खरी गरज आहे त्याला जागा मिळेल. डिस्ने वर्ल्डची जमीन साधारण १०० चौरस किलोमीटर. तेथील स्वस्त गटातील हॉटेले म्हणजे दोन-चार मजली इमारती आणि त्यांच्यासमोर पसरलेली डांबरी मैदाने. ही मैदाने आधीच बांधलेली, त्यांचा खर्च वसूल झालेला. रात्री तेथे पाहुण्यांखेरीज फारसे कोणी गाडी लावत नाही. शुल्कामुळे एखादी जागा रिकामी झाली, तर ती कोणासाठी? टंचाईच नव्हती, मग वाटप कशाचे करायचे होते?

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडची गोष्ट वेगळी. ते अनाहाइम या शहराच्या पोटात दाटीवाटीने वसले आहे. तेथील हॉटेलांतही रात्रीच्या पार्किंगचे पैसे पडतात. पण तेथे निदान जागेचे कारण सांगता येते. फ्लोरिडात जागेचे कारण लंगडे पडत होते. उरले एकच, पाहुणा भरेल म्हणून.

‘पाहुणा भरेल म्हणून’ यात गैर काय?

बाजाराचा नियम म्हणाल तर काहीच नाही. पण ग्राहकाच्या मनातला न्याय बाजारापेक्षा निराळा असतो. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी कॅनडातील लोकांना दूरध्वनीवर एक प्रश्न विचारला होता. एक दुकानदार बर्फ उपसण्याचे फावडे १५ डॉलरला विकतो. मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी तो किंमत २० डॉलर करतो. योग्य की अयोग्य? ८२ टक्क्यांनी अयोग्य म्हटले. त्याच अभ्यासात असेही दिसले की दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला असेल, तर किंमतवाढ लोक खळखळ न करता मान्य करतात. म्हणजे लोकांना वाढ खुपत नाही. त्यांच्या अडलेपणावर कमाई केलेली खुपते.

पार्किंग शुल्क या कसोटीवर तपासा. डांबरी मैदानाचा खर्च एका रात्रीत वाढलेला नव्हता. ‘गाडीवाल्यांचा भार इतरांवर नको’ हाच उद्देश असता, तर गाडी नसणाऱ्यांचे भाडे तेवढ्याने उतरवायला हवे होते. तशी घोषणा झाली नाही. तिसऱ्या गटातील पाहुण्यांनी गाडीवाल्यांशी वाद घातला खरा, पण त्यांच्या स्वतःच्या पदरात काय पडले? काहीच नाही.

त्यांच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा मात्र २०२२ पर्यंत टिकून होता. गाडी नको असेल तर विमानतळावरून डिस्नेची ‘मॅजिकल एक्सप्रेस’ ही बस होती. २००५ पासून चालणारी, हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट. म्हणजे पार्किंग शुल्क टाळण्याचा खराखुरा मार्ग उपलब्ध होता. जानेवारी २०२२ मध्ये ही बससेवा थांबली. आता गाडी आणली तर पार्किंगचे पैसे आणि नाही आणली तर टॅक्सीचे किंवा खासगी बसचे पैसे. शुल्काला ‘ऐच्छिक’ म्हणण्याचा आधारच त्या दिवशी गेला. २०१८ मध्ये शुल्काची बाजू घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. २०२२ नंतर ती बाजू घेणे अवघड होते.

याच काळात इतरही दोऱ्या सुटत होत्या. हॉटेलच्या पाहुण्यांना मिळणारा मनगटी ‘मॅजिक बँड’ फुकट देणे बंद झाले. रांग टाळण्याची मोफत ‘फास्टपास’ व्यवस्था गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची ‘जिनी प्लस’ आली. प्रत्येक बदलाचे स्वतंत्र समर्थन करता येत होते. पण घरी परतल्यावर बिल पाहणारा बाप एकेक समर्थन वाचत बसत नाही, तो बेरीज पाहतो.

शुल्क मागे का घेतले?

२०१८ मध्ये डिस्नेच्या उद्यान विभागाचे प्रमुख बॉब चापेक होते. २०२० मध्ये ते कंपनीचे मुख्याधिकारी झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये संचालक मंडळाने त्यांना हटवून बॉब आयगर यांना परत बोलावले. दोनच महिन्यांत, १० जानेवारी २०२३ रोजी, फ्लोरिडातील हॉटेलांचे रात्रीचे पार्किंग शुल्क रद्द झाल्याची घोषणा झाली. मार्च २०२३ मध्ये गुंतवणूकदारांच्या एका परिषदेत आयगर यांनी उद्यानांच्या काही दरांबाबत कंपनी जरा जास्तच आक्रमक झाली असावी, अशी कबुली दिली. हे शुल्क सुरू झाले तेव्हा कंपनीचे प्रमुख आयगरच होते, हेही नोंदवायला हवे. केवळ चापेक यांच्या माथी सारे मारणे सोयीचे असले तरी पूर्ण खरे नाही.

शुल्क गेले म्हणून डांबरी मैदान फुकट झाले, असेही नाही. तो खर्च पुन्हा खोलीच्या भाड्यात शिरला आणि भाडी काही खाली आली नाहीत. तरीही मला हीच रीत बरी वाटते, भाडे दहा-वीस डॉलरने जास्त असले तरी. कारण तो आकडा बुकिंग करतानाच दिसतो आणि शेजारच्या हॉटेलाशी ताडून पाहता येतो. जो आकडा खोली मुक्रर झाल्यावर, मुलांना सहलीचे सांगून झाल्यावर, स्वागतकक्षात उभे असताना कळतो, त्याची तुलना करायला वेळ आणि पर्याय दोन्ही उरलेले नसतात.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२४ मध्ये हॉटेले आणि कार्यक्रमांची तिकिटे यांच्यासाठी नियम जाहीर केला. तो १२ मे २०२५ पासून लागू आहे. सक्तीची सर्व शुल्के धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी, असे हा नियम सांगतो. रिसॉर्ट फी त्यात पकडली जाते. पार्किंग मात्र निसटते, कारण ते ‘ऐच्छिक’ मानले जाते. बस नसलेल्या ठिकाणी, सहा माणसे आणि आठ बॅगा घेऊन आलेल्या कुटुंबाला गाडी किती ऐच्छिक असते, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. पण सक्ती आणि निवड यांच्यामधली ही करडी पट्टी कायद्याच्या भाषेत बसवणे कठीण असते आणि हॉटेलांचा धंदा तेवढ्या पट्टीवर चालतो.

आपल्याकडे हाच झगडा उपाहारगृहांच्या सेवाशुल्कावरून झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेथेही कळीचा शब्द तोच होता. सेवाशुल्क ‘ऐच्छिक’ असल्याचे सांगितले जाई, पण ते काढून टाकण्यासाठी वेटरशी हुज्जत घालावी लागे, आणि पाहुण्यांसमोर, मुलांसमोर ती कोण घालणार?

जाणाऱ्यांनी काय पाहावे?

सुट्टीत मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन ऑर्लंडो करून येणाऱ्यांची संख्या मराठी घरांत आता कमी नाही. डिस्नेच्या फ्लोरिडातील हॉटेलांत स्वतः गाडी लावली तर रात्रीचे पैसे पडत नाहीत. व्हॅलेच्या हाती किल्ली दिली तर पडतात. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत आणि कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या हॉटेलांत पार्किंगचा दर वेगळा पाहून घ्यावा. विमानतळ ते हॉटेल हा खर्च धरूनच भाड्याची तुलना करावी. आणि बुकिंगच्या पानावर किंमत पाहून झाल्यावर तळाशी बारीक अक्षरांत ‘पार्किंग’ हा शब्द एकदा शोधावा.