ऑफिसच्या कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड सगळ्यांना कशाला?

आज जरा कडक बोलणार आहे.

छोट्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर येतो तेव्हा काय होतं? विकणारा विंडोज टाकून एक अकाउंट बनवून देतो. पासवर्ड नसतो, असला तर १२३४. मग त्याच अकाउंटवर बिलिंगवाली मुलगी बसते, अकाउंटंट टॅली उघडतो आणि रविवारी मालकाचे चिरंजीव गेम टाकतात. विंडोजचं हे पहिलं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं. म्हणजे काहीही टाका, काहीही काढा, अँटीव्हायरससुद्धा बंद करा. गल्ल्याची किल्ली मात्र तुम्ही खिशात घेऊन फिरता!

"मॅडम, आमचा स्टाफ विश्वासू आहे हो," हे प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. असेलच. पण प्रश्न विश्वासाचा नाहीच. मेलवर 'इन्व्हॉइस' नावाची फाइल येते, समोर गिऱ्हाईक उभं असतं, स्क्रीनवर 'येस की नो' विचारलं जातं आणि येस दाबलं जातं. प्रामाणिक माणूसही घाईत हेच करतो. स्टँडर्ड अकाउंट असेल तर तिथे येस-नो येत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. माणूस थांबतो, तुम्हाला विचारतो. मला हवाय तो एवढाच एक मिनिटाचा ब्रेक.

दुसरं म्हणजे क्रॅक सॉफ्टवेअर. डिझाइनचं काम करणाऱ्या पोराने फुकटातलं काहीतरी आणून टाकलं, तर व्हायरस येतो तो येतोच, वर कायद्याचं लचांड. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. कॉम्प्युटर तुमचा, धंदा तुमचा. नोटीस कुणाच्या नावाने येईल, सांगा बघू!

करायचं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर यूजर्स. प्रत्येकाचं वेगळं स्टँडर्ड अकाउंट काढा. ॲडमिनचं एकच ठेवा, त्याला नीट पासवर्ड द्या. आणि मालकांनो, तुमचं रोजचं अकाउंटही स्टँडर्डच. इथे सगळे तोंड वाकडं करतात. पण बँकेचं काम, जीएसटीचं लॉगिन तुमच्याच मशीनवर असतं ना?

एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय नीट चालत नाही. ते बरेचदा स्वतःच्या फोल्डरमध्ये डेटा लिहायला बघतं आणि विंडोज अडवतं. अशा वेळी त्या एका फोल्डरला लिहायची परवानगी द्या. त्यासाठी माणसाला ॲडमिन करू नका. सॉफ्टवेअरवाला "ॲडमिन करून टाका, चालेल" म्हणेल, कारण त्याचा कॉल लवकर संपतो.

यानेही सगळं बंद होत नाही बरं का. क्रोम ॲडमिनशिवाय टाकता येतं, एनीडेस्क तर इन्स्टॉल न करताच चालतं. आणि रॅन्समवेअर आलंच तर त्या यूजरला ज्या फाइली बदलता येतात, त्या ते लॉक करू शकतं. म्हणून बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि झाला की ड्राइव्ह काढून ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही लग्नाला गावी, इकडे नवा प्रिंटर बसवायचाय, ट्रान्सपोर्टवाला चलनासाठी दारात उभा. एक-दोनदा असं काम अडलं की स्टाफ वैतागतो, आणि मग पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दिसतो. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अडवायचं असेल तर फोन उचलायची जबाबदारीही तुमचीच. पासवर्ड बंद पाकिटात घालून, पाकिटावर सही करून, घरच्या किंवा जुन्या जबाबदार माणसाकडे ठेवा. पाकीट फुटलं की त्याच आठवड्यात पासवर्ड बदला. रिपेअरवाला येऊन गेला, त्याला पासवर्ड सांगावा लागला, तरी बदला. तो भला माणूस असेल, पण त्याच्या डायरीत अख्ख्या बाजारपेठेचे पासवर्ड असतात.