पुस्तक घरी जाऊ द्या

दिवाळी अंक बाजारात येतात, त्याच सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांमधल्या कितीतरी वस्त्या ओस पडायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरं ट्रकमध्ये चढवून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, माघारी येणं नाही. आपला वाचनाचा हंगाम सुरू होतो तेव्हा या मुलांची शाळा सुटते. हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळांचे प्रयोग झाले, काही मुलं आजीजवळ गावातच राहतात. तरी बरीच लेकरं आईबापांमागे जातातच, आणि यंदा संपादकीयाची ही जागा त्यांच्यासाठी आहे.

आईबाप अंधारातच फडात जातात. कोपीत मागे राहते आठ-नऊ वर्षांची मुलगी, धाकट्या भावाला सांभाळायला. पाणी आणायचं, भाकरीवर लक्ष ठेवायचं, भाऊ रस्त्यावर जाऊ नये म्हणून त्याच्यामागे पळायचं. दुपारी तो झोपला की तिला तासभर मोकळा मिळतो. त्या कोपीत छापील कागद शोधला तर उसाच्या खेपेची वजनपावती सापडते, नाहीतर तंबाखूची पुडी. तिसरीपर्यंत जमवलेली अक्षरं पाच-सहा महिने वापरलीच नाहीत, तर ती परत शाळेत जाईल तेव्हा किती उरतील?

तिच्या गावच्या शाळेत पुस्तकं नाहीत असं मात्र नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. बालभारतीचा ‘किशोर’ १९७१पासून निघतो आहे. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सनी स्वस्त, चित्रमय पुस्तकं मराठीत आणली. माधुरी पुरंदऱ्यांनी तर लहान मुलांच्या घरातलं, अंगणातलं जग इतक्या नेमक्या चित्रा-शब्दांत उभं केलं आहे की मराठी बालसाहित्य गरीब आहे ही तक्रार आता करवत नाही. पुस्तकं शाळेपर्यंत पोचतात. पुढे लोखंडी कपाट असतं, त्याला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसात असते.

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. ‘नेऊ दिलं आणि हरवलं, तर भरायचं कुणी?’ हा एका गुरुजींनी विचारलेला प्रश्न अगदी खरा आहे. पुस्तकं दाखल नोंदवहीत चढलेली असतात, तपासणीला मोजली जातात. बदली झाली की चार्ज देताना एकेक क्रमांक जुळवावा लागतो. अशा हिशेबात कोऱ्या करकरीत पुस्तकांचं कपाट हे चोख कामाचं लक्षण ठरतं आणि पानं सुटलेलं पुस्तक गुन्हा ठरतं. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनी ग्रंथालयांत हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानलं आहे, अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल तर. मुलांच्या, त्यातही स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या पुस्तकांसाठी ही सूट कितीतरी मोठी असायला हवी. शाळेला तसा लेखी आदेश द्या. गुरुजी स्वतः कपाट उघडतील.

पुस्तकानं माणसामागे प्रवास करावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि पुढे संस्थानातल्या खेड्यांमध्ये पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. एक पेटी वाचून झाली की दुसरी. टोळीबरोबर पंचवीस-तीस पुस्तकांची अशी एक पेटी का जाऊ नये? मुकादमाच्या ट्रकमध्ये तेवढी जागा नक्की असते.

अर्थात पेटी दिली आणि काम झालं, असं होत नाही. पालघरच्या आदिवासी भागातल्या आश्रमशाळांमध्ये ‘क्वेस्ट’ संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम चालतो. त्यात नट मुलांपुढे पुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या सादर करतात. घरात कुणी कधी वाचून दाखवलेलं नसतं, तेव्हा आधी कुणाच्या तरी आवाजात गोष्ट ऐकावी लागते. कोपीतल्या त्या मुलीलाच भावासाठी वाचायचं असेल, तर तिला चित्रं भरपूर आणि ओळी थोड्या असलेलं पुस्तक हवं. दिवाळीच्या आवराआवरीत निघालेली जुनी गाइडं आणि वाळवीनं खाल्लेले कथासंग्रह ‘गरीब मुलांसाठी’ पाठवू नयेत, ही आमची कळकळीची विनंती. आपल्या नातवाला जे विकत घेऊन द्याल, तेच तिला द्या.

या अंकातला बालविभाग यंदा वेगळा शिवून घेतला आहे. मधल्या पिना सोडवल्या की तो अखंड निघतो. टाइप ठळक आहे, पानाला दोन-तीन ओळी आहेत. कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांनी गावाजवळ टोळी उतरली असेल तिथे तो नेऊन द्यावा, पहिली गोष्ट स्वतः वाचून दाखवावी आणि तो परत मागू नये. जास्त प्रती हव्या असतील तर कार्यालयाला पोस्टकार्ड टाका. टपालखर्च आमचा.