"फक्त सहा टक्के"

बंदुकांचा विषय निघाला की आमच्या ऑफिसच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास येतं. "अरे, बॅरल पाच-सहा इंच कापली तरी वेग किती कमी होतो? सहा टक्के! तेवढ्यासाठी लांब रायफल कोण वागवणार?" आकडा बरोबर आहे. निष्कर्ष साफ चुकीचा. आणि इंजिनिअर मंडळींनी ही चूक करावी याचं मला जास्त वाईट वाटतं.

अमेरिकेचंच उदाहरण घेऊ. एम-१६ ए-२ रायफलची बॅरल २० इंची. १९९४ साली तिथल्या लष्कराने स्वीकारलेल्या एम-४ कार्बाइनची १४.५ इंची. दोन्हींत काडतूस तेच, ५.५६ मिमीचं एम-८५५. लांब बॅरलमधून गोळी सेकंदाला साधारण ९४५ मीटर वेगाने सुटते, आखूडमधून ८८५ च्या आसपास. फरक ६० मीटर, म्हणजे सहा टक्क्यांच्या किंचित वर. झालं, टपरी जिंकली!

जरा थांबा. ही गोळी आहे जेमतेम चार ग्रॅमची. एवढीशी गोळी शरीरात शिरल्यावर आडवी होऊन फुटते की नाही, यावर तिचा परिणाम बराचसा अवलंबून. आणि वेग साधारण ८२० मीटरच्या खाली गेला की तिच्या फुटण्याचा भरवसा राहत नाही. आता हिशोब परत करा. लांब बॅरलकडे ८२० च्या वर शिल्लक १२५, आखूडकडे ६५. जवळजवळ निम्मी! हवा दोघींचाही वेग साधारण सारख्याच दराने खाते, म्हणजे गोळी भरवशाने काम करेल ते अंतरही निम्म्यावर आलं. पगार सहा टक्के कापला तर होम लोनचा हप्ता भरून हातात काय उरतं, हे आपल्याला बरोबर कळतं की नाही? मग इथेच गणित का विसरतो?

दुसरं लाडकं वाक्य, "इंचाला पंचवीस फूट". हा नियम कुठल्याही बॅरलला लावायचा म्हणजे कमाल आहे. दारू पेटल्यावर दाब पहिल्या काही इंचांतच शिखर गाठतो, पुढे गोळी सरकते तसा उतरत जातो. म्हणून २० चे १९ इंच केले तर थोडंच जातं, ११ चे १० केले तर बरंच जास्त. उलट टोकाला पॉइंट टू-टू घ्या. त्यात दारूच इतकी कमी, की साधारण १६ इंचांपुढे वेग फारसा वाढत नाही, घर्षणाने उलट कमीही होऊ शकतो. म्हणजे "जितकी लांब तितकी भारी" म्हणणारेही चूकच.

एम-४ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. गाडीतून उतरताना, घराच्या दारातून शिरताना ते कापलेले इंच जीव वाचवतात. अफगाणिस्तानातल्या डोंगरात ३०० मीटरवर तर लांब एम-१६ चीही शिल्लक संपलेली असायची, हेही मान्य. पण किंमत मोजली गेली, आणि ती वसूल करायला २०१० साली गोळीच बदलावी लागली. एम-८५५ ए-१ आली, जिचं काम वेगावर तितकं अडून नाही.

"आता नवीन टेक्नॉलॉजी आली, बॅरलचा प्रश्न मिटला" म्हणणाऱ्यांसाठी एक्सएम-७ आहेच. अमेरिकन लष्कराने २०२२ साली निवडलेली ही रायफल. बॅरल फक्त १३ इंची, तरी ६.८ मिमीची गोळी जोरात जाते. कशी? जुन्या काडतुसात दाब चौरस इंचाला ५५,००० पौंडांच्या आसपास, हिच्यात ८०,००० पर्यंत. नुसतं पितळ तो सोसेना म्हणून काडतुसाचं बूड पोलादी. काडतूस मोठं आणि जड, म्हणून मॅगझिन ३० ऐवजी २० चं. एम-४ वाल्या सैनिकाच्या अंगावर नेहमीच्या २१० गोळ्या, एक्सएम-७ वाल्याच्या १४०. काढा टक्केवारी, टपरीवर भेटूच.