चेसिसला करवत लावण्यापूर्वी

शर्यतीच्या जुन्या मोटारसायकलीची प्रतिकृती, म्हणजे गॅरेजच्या बोलीतली 'रेप्लिका', घडवताना कारागिरासमोर नेहमी दोन गाड्या असतात. एक, जिचे रूप घ्यायचे ती शर्यतीची गाडी. आणि दुसरी, जिच्या चेसिसवर व इंजिनावर हे रूप चढवायचे ती रस्त्यावरची गाडी, जिला या धंद्यात 'डोनर' म्हणतात. पहिलीबद्दल या व्यवसायात मनापासून आस्था आहे. तिची जुनी छायाचित्रे भिंग लावून पाहिली जातात, टाकीचा बाक आणि सीटचा उंचवटा पुठ्ठ्यावर उतरवून घेतला जातो. दुसरीकडे मात्र निव्वळ कच्चा माल म्हणून पाहण्याची सवय जडली आहे, आणि डोनर गाड्या वर्षागणिक कमी होत असताना ही सवय यापुढे परवडणारी नाही, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला आहे तो यामाहा आरडी ३५० च्या, म्हणजेच भारतात राजदूत ३५० या नावाने विकल्या गेलेल्या गाडीच्या बाबतीत. यामाहाने १९७३ साली जगाच्या बाजारात आणलेली ही दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून भारतात बनवली, तेव्हा मूळ गाडीचे उत्पादन अन्यत्र केव्हाच थांबले होते, आणि दशक सरता सरता ते येथेही थांबले. मूळ इंजिनाची ३९ अश्वशक्ती येथील पेट्रोल आणि इंधनखर्च ध्यानात घेऊन उतरवण्यात आली होती. 'हाय टॉर्क' प्रकारात ती ३०.५ आणि नंतरच्या 'लो टॉर्क' प्रकारात २७ इतकी सांगितली जाई. किंमत आणि पेट्रोलची भूक यांमुळे गिऱ्हाईक बेताचेच राहिले, तरी मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत या गाडीने आपला दरारा निर्माण केला आणि तिच्याभोवतीचे शर्यतीचे वलय आजही टिकून आहे. मुळात थोड्या बनलेल्या या गाड्यांपैकी शाबूत चेसिस, त्याच गाडीचे इंजिन आणि खरी कागदपत्रे या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली गाडी आज सहजासहजी हाती लागत नाही.

या गाडीचे शर्यतीशी असलेले नाते केवळ वलयापुरते नाही, ते धातूत आहे. आरडीच्या आधीची आर५ ही रस्त्यावरची गाडी आणि यामाहाने खासगी स्पर्धकांसाठी बनवलेली टीआर३ ही ३५० सीसी वर्गातली शर्यतीची गाडी, या दोघींचे क्रँककेस एकाच घराण्यातले होते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली होण्याचा पल्ला, ५४ मिमी, हे माप आर५ मध्ये, टीआर३ मध्ये आणि पुढे आरडीतही तेच राहिले. दोन सिलिंडरचे मिळून ते ३४७ सीसी भरते. अशाच एका टीआर३ वर स्वार होऊन डॉन एम्डी या अमेरिकन स्पर्धकाने १९७२ ची डेटोना २०० ही शर्यत ताशी सुमारे १६६ किमीच्या सरासरी वेगाने जिंकली. ७५० सीसीची कितीतरी अधिक ताकदीची यंत्रे मैदानात असताना २०० मैलांच्या त्या शर्यतीत ३५० सीसीची गाडी पहिली आली, आणि डेटोना २०० मध्ये टू-स्ट्रोक इंजिनाचा तो पहिलाच विजय ठरला. राजदूतची टाकी उतरवून तिच्या इंजिनाकडे पाहणाऱ्या कारागिरासमोर या कुळातले यंत्र असते, याची जाण त्याला असावयास हवी.

कुळ एक असले तरी सगळे भाग एक नाहीत, आणि रेप्लिकेचा प्रामाणिकपणा ठरतो तो याच फरकांच्या जागी. टीआर३ मध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण पिस्टनच्या कडेने उघडणाऱ्या पोर्टमधून सरळ आत जाई, तर आरडीत त्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत येऊ देणाऱ्या पण माघारी जाऊ न देणाऱ्या पातळ पात्यांची झडप आहे. टीआर३ चा क्लच कोरडा आणि उघड्यावर फिरणारा, आरडीचा तेलात बुडालेला. क्लच-कव्हरला भोके पाडून कोरड्या क्लचचा आभास निर्माण करणे किंवा टाकीवर टीझेड अशी अक्षरे रंगवणे हे मोह कारागिराने टाळलेले बरे, कारण १९७३ ची टीझेड ३५० पाण्यावर थंड होणारी होती आणि हवेवरच्या पंखदार सिलिंडरांवर ते नाव चढवणे म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होय. रीड व्हॉल्व्ह डोनरचा आहे, तो तसाच ठेवावा, आणि विचारणाऱ्याला तसे सांगावे. त्यात कमीपणा काही नाही.

याउलट जी गोष्ट राजदूतची उणीव म्हणून चाळीस वर्षे हिणवली गेली, ती येथे तिच्या बाजूची ठरते. परदेशी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि भारतीय गाडीला दोन लीडिंग शूंचा ड्रम, ज्यात दोन्ही ब्रेक-शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ड्रमला भिडतात व म्हणून साध्या ड्रमहून अधिक पकड देतात. आता टीआर३ लाही पुढे ड्रमच होता, फक्त तो दुहेरी, म्हणजे हबच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लीडिंग शू असलेला. तेव्हा १९७२ पर्यंतच्या काळाची रेप्लिका करायची असेल, तर भारतीय गाडी ही परदेशी आरडीपेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे, आणि तिचा ड्रम काढून आधुनिक डिस्क बसवणे म्हणजे हातातले खरे टाकून खोटे विकत घेणे होय. ड्रम लेथवर घेऊन गोल करून घ्यावा, शूंना नवे लायनिंग चढवून ते ड्रमच्या त्रिज्येला घासून बसवावे आणि दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील असा जोडदांडा लावावा. एवढे नीट झाले की या ब्रेकबद्दलच्या बहुतेक तक्रारी संपतात. नंबरप्लेटचा रंगही काळाशी इमान राखूनच निवडावा. त्या काळच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतींत ३५० सीसी वर्गाला निळ्या पाटीवर पांढरे आकडे असत. ५०० च्या वर्गाची पिवळी पाटी कितीही उठून दिसत असली तरी ती या गाडीची नव्हे.

सर्वांत मोठे नुकसान होते ते चेसिसच्या मागच्या टोकाशी. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टच्या मागे चेसिसच्या नळ्या आणखी काही इंच जातात आणि मडगार्ड व टेललाइटचा भार पेलतात. शर्यतीच्या एकट्या स्वाराची हंप सीट, म्हणजे मागे उंचवटा असलेली आखूड सीट, बसवताना हीच लांबी आड येते आणि ग्राइंडरच्या पात्याखाली ती काही सेकंदांत नाहीशी होते. कापलेल्या नळीचे तोंड बहुधा पुट्टीने किंवा वेल्डिंगच्या एका टिपक्याने बुजवले जाते, आत ओल शिरते आणि रंगाखाली काहीही न दिसता नळी आतून गंजत जाते. पुढे कोणी ती गाडी मूळ रूपात आणू म्हटले, तर आत स्लीव्ह घालून नवी नळी वेल्ड करावी लागते, उष्णतेने चेसिस ओढली जाते, आणि मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आणताना कारागिराचे दिवस जातात. वस्तुतः या कापाकापीची गरजच नसते. सीटच्या बिजागरीचे कान आणि शॉकॲब्सॉर्बरचे वरचे बोल्ट या चार मूळ जागांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची हलकी चौकट बसवली, तर हंप सीट तिच्यावर घट्ट राहते. नळीची उरलेली लांबी लपवण्यासाठी उंचवटा दोन इंच लांब ओतला तर चालतो, आणि ही दोन इंचांची तडजोड पूर्ण गाडीत नजरेलाही येत नाही. क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना थेट आवळले जाणारे बुटके हँडल, आणि रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेले पायठेवे, हेही मूळ छिद्रांतच बसणारे करून घेता येतात.

इंजिनाच्या बाबतीत हाच नियम अधिक कसोशीने पाळावा लागतो, कारण धातू एकदा घासला की परत येत नाही. ६४ मिमीच्या बोअरला ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी मोठे पिस्टन मिळतात, ते १ मिमीपर्यंत. म्हणजे सिलिंडरला मोजून चार आयुष्ये आहेत, आणि एक ओरखडा दिसला म्हणून सरसकट शेवटच्या मापाला बोअर करून देणे म्हणजे मालकाची तीन आयुष्ये एका दुपारी खर्च करणे होय. पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरमधील वाटा घासून उंच-रुंद करणे, करायचेच असेल तर ते जुन्या बाजारातून आणलेल्या दुसऱ्या सिलिंडरजोडीवर करावे आणि गाडीची मूळ जोडी तेल लावून गुंडाळून ठेवावी.

पोर्टिंगच्या गप्पांत जी गोष्ट मागे पडते ती म्हणजे क्रँकचे सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. त्याच्या टोकाचे रबरी सील कडक झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, आणि कार्बोरेटरचे जेट कितीही बदलले तरी शेवटी पिस्टनला भोक पडते. यावर उपाय स्वस्त आहे. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत, पिस्टन तळाशी आणून प्लगच्या छिद्रातून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय दाब भरावा आणि काटा पाहत राहावे. दाब ६ मिनिटे टिकला तर इंजिन हवाबंद समजावे, नाहीतर साबणाच्या पाण्याचा ब्रश सांध्यांवरून फिरवावा, जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती. मूळ आरडीच्या इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, पिस्टन शिखराच्या २.० मिमी खाली असताना धरलेले आहे, आणि ते प्लगच्या छिद्रात डायल गेज लावून दोन्ही सिलिंडरांसाठी वेगवेगळे जुळवायचे असते. कानाने टायमिंग लावण्याच्या कौशल्याबद्दल आदर ठेवूनही असे म्हणावे लागेल की शर्यतीच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या टू-स्ट्रोकला तो अंदाज पुरत नाही.

एक्स्पॅन्शन चेंबर, म्हणजे पोट फुगलेला सायलेन्सर, हा रेप्लिकेचा सर्वांत देखणा भाग, पण त्याचा आकार डौलासाठी नसतो. बाहेर पडलेल्या वायूची लाट रुंदावत्या शंकूत शिरली की उलट दिशेने ओढ निर्माण होते व सिलिंडर स्वच्छ होतो. पुढच्या निमुळत्या शंकूवर आपटून परतलेली लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातील वाल्टर काडेन यांनी हे तंत्र विकसित केले आणि १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निघून सुझुकीला मिळाल्यावर ते जपानी कारखान्यांपर्यंत पोहोचले. लाटांचा हा मेळ शंकूंच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे छायाचित्रावरून अंदाजाने वळवलेला पाइप बहुधा मूळ सायलेन्सरपेक्षाही कमी ताकद देतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९. साहजिकच २० टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलवर जुन्या जेटिंगची गाडी पातळ मिश्रणावर चालते, आणि मेन जेट वाढवून प्लगचा रंग पुन्हा वाचणे भाग पडते. फायबरच्या टाकीची साधी पॉलिस्टर राळ इथेनॉलने मऊ पडून विरघळते आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरते, तेव्हा टाकी ॲल्युमिनियमची ठोकून घेणेच शहाणपणाचे.

कायद्याची बाजू गिऱ्हाइकाला काम हाती घेण्यापूर्वीच सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. म्हणून दिवे आणि सायलेन्सर उतरवलेली रेप्लिका ट्रॅकपर्यंत टेम्पोतूनच न्यावी. याहून दूरवरचा परिणाम २०२१ साली आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीच्या नियमांचा आहे. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना त्यांत 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो, परंतु चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. पहिल्या राजदूत ३५० गाड्यांना २०३३ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतील, आणि आज ज्या चेसिसची शेपटी कापली जाते तिच्या मालकाला त्या वेळी काय उत्तर द्यायचे, याचा विचार आजच व्हावा.

गॅरेजचालकांना या मासिकाची विनंती एवढीच आहे की रेप्लिकेचे काम हाती घेताना आधीच मोडलेली, अपुरी किंवा जुळवाजुळवीची डोनर निवडावी. शाबूत गाडी घेऊन येणाऱ्या मालकाला तिचे मूळ रूप राखण्याचा सल्ला द्यावा, मग एक काम हातचे गेले तरी चालेल. प्रत्येक गाडीची नोंदवही ठेवावी, तीत बोअरचे माप, जेटचे क्रमांक, टायमिंग आणि बदललेला प्रत्येक भाग तारखेसह लिहावा. आणि काढलेले मूळ भाग, सीटपासून मडगार्डच्या शेवटच्या बोल्टपर्यंत, चिठ्ठ्या बांधून खोक्यात भरावेत व गाडीच्या किल्लीबरोबर मालकाच्या हवाली करावेत.