नोटेवर आधी नंबर कुणाचा?

मॉरिशस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? निळाशार समुद्र, हनिमूनचं पाच रात्री-सहा दिवसांचं पॅकेज आणि परतल्यावर ऑफिसात वाटली जाणारी ड्युटी-फ्री चॉकलेटं. चॉकलेटं तुम्हीच खा. मी मात्र तिकडून आलेल्या प्रत्येक कलीगला एकच विचारतो, ‘‘एखादी नोट उरलीय का रे?’’ लोक हसतात. हसू देत. पाकिटात उरलेल्या त्या नोटेवर एका छोट्या देशातली भांडणं आणि दिलजमाई दोन्ही छापलेली असतात.

आधी नावापासून सुरुवात करू. तिथल्या चलनाचं नाव रुपया. योगायोग? छे! १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. कुणी कलकत्त्याहून, कुणी मद्रासहून, कुणी मुंबईहून. मुंबईहून बोटीत बसलेल्यांत आपली कोकणातली माणसंही होती. माणसांबरोबर त्यांचा रुपयाही गेला. तोवर बेटावर पौंड, डॉलर अशी सगळी खिचडी होती. मग १८७६ मध्ये सरकारने कायदा करून रुपयाच पक्का केला आणि १८७७ मध्ये बेटाची स्वतःची नाणी आली. यातली गंमत म्हणजे त्यांचा रुपया पहिल्यापासून शंभर सेंटचा. आपण १९५७ पर्यंत आणे आणि पै मोजत बसलो होतो!

मजूर ज्या रुपयात पगार मोजायचा, तोच पुढे स्वतंत्र देशाचा रुपया झाला. १९६७ मध्ये बँक ऑफ मॉरिशस स्थापन झाली, १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. पण पहिल्या नोटांवर चेहरा होता इंग्लंडच्या राणीचा. राणीला रजा दिल्यावर खरा प्रश्न आला, आता फोटो कुणाचा लावायचा?

आपल्याकडे गांधीजी आहेत, विषय संपला. मॉरिशसमध्ये ते इतकं सोपं नव्हतं. हिंदू, मुस्लिम, तमिळ, चिनी, फ्रेंच वंशाचे, आफ्रिकन वंशाचे क्रिओल, सगळे एका बेटावर. १९९८ च्या मालिकेत बँकेने तोडगा काढला, सात नोटा आणि सात चेहरे. पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे मोइलिन जाँ आ-च्युएन. पन्नासवर फ्रेंच वंशाचे मॉरिस पातुरो. शंभरवर तमिळ वंशाचे रेंगनादेन सीनीवासेन. दोनशेवर कलकत्त्यात जन्मलेले अब्दुल रझाक मोहम्मद. पाचशेवर सुखदेव बिसुनदयाल, हजारवर गाएतां द्युव्हाल आणि दोन हजारवर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. यातले द्युव्हाल माझे फेव्हरिट. कारण या गृहस्थांनी १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यालाच विरोध केला होता. तरी स्वतंत्र देशाने त्यांना हजाराच्या नोटेवर बसवलं. याला म्हणतात मोठं मन.

म्हणजे सगळे खूश? अजिबात नाही. चेहऱ्यांचं गणित जमलं आणि घोळ झाला तो अक्षरांत. नोटेची किंमत तीन भाषांत लिहिली जाते : इंग्रजी, तमिळ आणि हिंदी. १९९८ च्या नोटांवर हिंदीची ओळ तमिळच्या आधी आली. बस्स, एवढंच. पण तमिळ समाज भडकला. तमिळ कारागीर तर फ्रेंच अमदानीतच बेटावर आलेले, उसाच्या मळ्यांवरच्या मजुरांच्याही कितीतरी आधी. मग त्यांची ओळ खाली का? निषेध इतका वाढला की बँकेला नोटा मागे घ्याव्या लागल्या. १९९९ सालच्या नव्या नोटा आल्या, चेहरे तेच, फक्त क्रम इंग्रजी, तमिळ, हिंदी.

‘एका ओळीसाठी एवढा तमाशा?’ असं वाटलं ना? मग जरा आपल्याकडच्या लग्नपत्रिका आठवा. निमंत्रकांत काकांचं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली गेलं म्हणून दोन-दोन वर्षं अबोला धरलेली घरं आपण पाहिलीत. ऑफिसात मेलच्या ‘टू’मध्ये नाव न येता ‘सीसी’त आलं की आपलाही चहा कडू होतोच की! प्रश्न ओळीचा नसतो. ‘तुम्ही मला मोजता की नाही’ हा असतो. आणि नोट म्हणजे सरकारने छापलेली, रोज लाखो हातांतून फिरणारी पत्रिकाच. संख्येने कमी असलेल्यांना तर ती जास्तच लागते.

आपल्या रिझर्व्ह बँकेने यावर झकास युक्ती केलीय. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे ना, तिचा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनुसार लावलाय. आसामी पहिली, उर्दू शेवटची. कोकणी सहावी, मराठी आठवी. भांडणार कुणाशी, एबीसीडीशी?

मॉरिशसच्या नोटेवर मराठीची वेगळी ओळ नाही. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी मात्र तिथे आहे, आणि हिंदीची ओळ देवनागरीत असल्याने तिथल्या मराठी माणसाला आपली अक्षरं भेटतात तरी. मला जास्त खटकतं ते वेगळंच. सातही चेहरे पुरुषांचे. आणि बाजारात, बसमध्ये, घराघरांत ज्या क्रिओल भाषेत तिथली बहुतेक माणसं बोलतात, ती त्या तीन ओळींत नाहीच. भांडण दुसऱ्या नंबरसाठी झालं, आणि जी सगळ्यांची भाषा तिला रांगेतच कुणी उभं केलं नाही.

आता ती नोट उजेडात धरा. वॉटरमार्कमध्ये एक बोजड चोचीचा पक्षी दिसेल, डोडो. सतराव्या शतकातच नामशेष झालेला. त्याला नोटेत जागा मिळाली, आणि त्यावर कुणाचीच हरकत नाही. अडचण होते ती फक्त जिवंत असणाऱ्यांची.